उचलला कशासाठी, ठेवला कुठे? कोपरखैरण्यातल्या एका घराचा मोबाइल-हिशेब

बाई ४३ वर्षांच्या. घर कोपरखैरण्यात, नोकरी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्याच्या अकाउंट्स विभागात. घरात नवरा, दहावीतली मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. तक्रार एकच, आणि तीही बाईंनी केलेली नाही, मुलीनं केलेली: "आई मला अकराला झोप म्हणते आणि स्वतः एक वाजेपर्यंत रील्स बघते."

हे नमुना-प्रकरण आहे. नवी मुंबई-ठाण्यातल्या नोकरदार घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका घरात बसवून ते रचलं आहे, त्यामुळे ही व्यक्ती आणि तिच्या फोनचे आकडे नमुन्याचे आहेत. फोन आणि ॲप जसं वागतं म्हणून लिहिलंय, ते मात्र खरं.

पहिला प्रयत्न

बाईंनी सुरुवात केली ती सगळे करतात तशीच. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडलं. २०१८ पासून गूगल ही सोय देतं, ॲपलनं त्याच वर्षी 'स्क्रीन टाइम' आणलं. आकडा दिसला: रोज सरासरी ५ तास १० मिनिटं, ९२ वेळा अनलॉक. त्या हादरल्या आणि इन्स्टाग्रामवर दिवसाला ३० मिनिटांचा टायमर लावला.

टायमर दोन ठिकाणी फसला. ३० मिनिटं संध्याकाळच्या गाडीतच संपायची, मग रात्री ॲप करडं दिसायचं. पण हा टायमर रात्री १२ वाजता शून्यावर येतो. अकराला ज्याला अडवायचं त्याला तो बाराला नवी कोरी ३० मिनिटं हातात देतो. बाई ११:५५ ला फोन हातात घेऊन बसू लागल्या. टायमर नव्हता तेव्हा कधीकधी साडेअकराला झोप लागायची, ती आता बाराची वाट बघण्यात जाऊ लागली. आणि तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं की तोच टायमर दोन बोटांनी काढताही येतो.

मग त्यांनी ॲपच उडवलं. ॲप उडवलं म्हणजे खातं बंद होत नाही. ते ब्राउझरमध्ये उघडतं. चौथ्या दिवशी ते क्रोममध्ये उघडलं होतं, पाचव्या दिवशी यूट्यूबचे शॉर्ट्स सुरू झाले, सहाव्या दिवशी इन्स्टाग्राम परत आलं आणि सोबत अपराधीपणा. "माझ्यात निग्रहच नाही" असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो चुकीचा होता. पण अशा वेळी घरातली बाकीची माणसं तो फार पटकन मान्य करतात.

व्यसन हा शब्द इथे जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, गेम खेळण्याच्या विकाराला जागा आहे. सोशल मीडियाला तशी वेगळी नोंद नाही. नोकरी सुटायची वेळ येणं, झोप सलग काही आठवडे तीन-चार तासांवर येणं, फोन काढून घेतल्यावर मारहाणीपर्यंत जाणं, काहीच नकोसं वाटणं, असं काही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या वापरासाठीच 'शट' क्लिनिक चालतं. या बाईंच्या बाबतीत असलं काही नव्हतं. ऑफिसचं काम वेळेवर होत होतं, घर चालत होतं. झोप मात्र जात होती, आणि चिडचिड वाढत होती.

रोजकीर्द

दुसऱ्या प्रयत्नात ॲपला हात लावला नाही. सात दिवस फक्त लिहायचं ठरलं. अकाउंट्सच्या माणसाला हे सांगावं लागत नाही: रोजकीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, नीट नसेल तर खतावणी, म्हणजे त्यावरून केलेली खातेवार मांडणी, खोटी निघते. फोनमधला तास-मिनिटांचा आकडा म्हणजे वर्षअखेरीची एकच शिल्लक. खर्च कशावर झाला ते तो सांगत नाही. पोळ्या लाटताना ओट्यावर चाललेलं कीर्तन आणि रात्री साडेबाराची रील्स त्याच्या लेखी सारखीच.

आठवडा निवडायलाही विचार लागला. जीएसटी भरणाऱ्या कारखान्याच्या अकाउंट्समध्ये ७ तारीख टीडीएसची, म्हणजे कापलेला कर भरण्याची, ११ तारीख जीएसटीआर-१ ची आणि २० तारीख जीएसटीआर-३बी ची; ही दोन्ही जीएसटीची विवरणपत्रं. या तारखांच्या आधीचे दोन दिवस फोन वेगळाच वाजतो. म्हणून २२ ते २८ घेतली. ऐन सणाचा आठवडाही टाळावा.

नोंद कागदावरच हवी. फोनच्या नोट्समध्ये लिहायचं म्हटलं तर लिहिण्यासाठी फोन उघडावा लागतो, आणि तिथेच घसरगुंडी सुरू होते. बाईंनी जुन्या चलनांच्या पाठकोऱ्या कागदाचे तळहाताएवढे तुकडे कापले आणि फोनच्या कव्हरमध्ये, पाठीमागे खोचले. सोबत बोटभर पेन्सिल. नियम एवढेच: एका मिनिटाच्या आत खाली ठेवला तर लिहायचं नाही. त्याहून जास्त झालं तर ठेवताना एक ओळ. ओळीत चार गोष्टी: किती वाजता उचलला, कशासाठी उचलला, शेवटी कुठे पोचलो, किती वाजता ठेवला. कारणाला अक्षर ठरवलेलं: 'का' म्हणजे कचेरीचं काम, 'घ' म्हणजे घर-शाळा-नातेवाईक, 'सा' म्हणजे साधन म्हणून, आणि 'हा' म्हणजे हात आपोआप गेला. साधन म्हणजे गाडी बघायला एम-इंडिकेटर, भाजीवाल्याला पैसे द्यायला यूपीआय, वेळ बघणं, टॉर्च. ओळीच्या शेवटी मनःस्थितीचं एक अक्षर: कंटाळा, थकवा, धास्ती, एकटं, किंवा काही नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. काही जण रात्री बसून दिवसभराचं आठवून लिहितात. आठवून लिहिलेलं नेहमी सभ्य असतं, 'हा' हे अक्षर त्यात क्वचितच येतं. आणि काही जण पहिल्याच दिवशी स्वतःला सुधारायला घेतात. मग सात दिवसांची वही स्वच्छ निघते आणि आठव्या दिवशी सगळं पूर्ववत. लिहायच्या आठवड्यात मुद्दाम सुधारायचं नाही, ही शिस्त सगळ्यात अवघड.

खतावणीत काय निघालं

सात दिवसांत २०३ ओळी. काम ४८, घर-शाळा ५७, साधन ४१, हात गेला ५७. त्यातल्या ९६ वेळा ज्यासाठी उचलला ते झाल्यावर फोन खाली गेला. १०७ वेळा तो भलतीकडेच पोचला.

या १०७ ची फोड बघण्यासारखी आहे. कामासाठी उचललेला फोन फक्त ५ वेळा भरकटला. साधन म्हणून उचललेला १६ वेळा. घर-शाळेसाठी उचललेला ३४ वेळा. आपोआप उचललेला ५२ वेळा, त्याचं नवल नाही, कारण त्याला जायचं कुठे हेच ठरलेलं नव्हतं. पण घर-शाळेचे ३४ बाईंना खटकले. त्यांची समजूत होती की आपण 'उगाच' फोन घेतो. वही सांगत होती की बऱ्याचदा त्या कर्तव्य म्हणून फोन घेतात आणि कर्तव्याच्या दारातून आत शिरतात. मुलीच्या क्लासच्या ग्रुपवर उद्याची टेस्ट कुठल्या धड्यावर आहे ते बघायचं, तिथे ७१ मेसेज, त्यात कुणीतरी टाकलेली रीलची लिंक, लिंकवर बोट, इन्स्टाग्राम. ऐरोलीला उतरायचं होतं आणि डोळे उघडले तर पनवेल.

आता वेळ. भरकटलेल्या १०७ वेळांचे आठवड्याचे मिळून साधारण १७ तास. त्यातले साडेनऊ तास केवळ १९ ओळींत होते. त्या एकोणीसही ओळी रात्री साडेदहानंतरच्या, प्रत्येकी सरासरी अर्धा तास. उरलेल्या ८८ ओळींचे साडेसात तास, म्हणजे एकेक वेळ पाचेक मिनिटांची. दिवसभर ज्या फोन उचलण्याबद्दल त्या स्वतःला बोल लावत होत्या, ती सगळी चिल्लर होती.

त्या १९ ओळींच्या शेवटचं अक्षर बघितलं: थकवा १३, एकटं ४, कंटाळा २. सगळ्यात जास्त वेळ जिथे गेला तिथे कंटाळा जवळपास नव्हताच.

साडेआठ ते साडेदहा

म्हणून फोन बाजूला ठेवून त्या घराची संध्याकाळ लिहून काढली. बाई साडेसातला घरी. साडेआठपासून पोळ्या, जेवणं, मागचं आवरणं, ओटा, विरजण, सासूबाईंची बीपीची गोळी, तिघांच्या उद्याच्या डब्यांची भाजी चिरून ठेवणं, मधूनच मुलीचं एखादं गणित. नवरा महापेहून पावणेनऊला येतो, जेवतो, मॅच किंवा बातम्या. साडेदहाला बाई पलंगावर पाठ टेकतात. सकाळी साडेपाचला उठल्यापासून कुणीही काही मागणार नाही असा तो पहिला क्षण.

रील्स ही त्या दिवसाची मजुरी होती. दिवसभरात स्वतःचा म्हणावा असा वेळ नसेल तर माणूस तो झोपेतून कापून घेतो. टायमर लावून बाईंनी ती मजुरी बंद केली आणि बदल्यात काहीच दिलं नाही. सहा दिवस टिकल्या हेच जास्त.

त्यात समोरची वस्तू न संपणारी. पूर्वी वेबसाइटला तळ असायचा, 'पुढचं पान' वर बोट ठेवावं लागायचं, आणि तिथे क्षणभर विचार यायचा. खाली सरकवत राहिलं की आपोआप नवं येत राहणं ही युक्ती आझा रॅस्किन या डिझायनरनं २००६ मध्ये बसवली. नंतर त्यांनीच तिच्याबद्दल खंत व्यक्त केली. पेपरचं शेवटचं पान येतं, मालिकेत 'उद्या पाहा' येतं, ट्रान्स-हार्बर लोकललाही शेवटचं स्टेशन असतं. रीलला नसतं. पुढचं चांगलं निघेल की टाकाऊ हे आधी कळत नाही, म्हणून बोट थांबत नाही. कधीकधीच मिळणाऱ्या बक्षिसाला प्राणी सगळ्यात चिवटपणे चिकटतात हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर दाखवून दिलंय. थकलेल्या माणसाला थांबण्याचा निर्णय घेणं मुळात जड, आणि ही वस्तू तो निर्णय दर वीस सेकंदांनी मागते.

ग्रुपांचा जुना माल

रात्रीला हात लावण्याआधी त्या ३४ ओळींचं, म्हणजे कर्तव्याच्या दाराचं काम सोपं होतं, ते उरकून घेतलं.

बाईंच्या फोनमध्ये ४३ व्हॉट्सॲप ग्रुप. कधीचा कोणता हे बघितलं तर ११ ग्रुप २०२०-२१ मधले. ऑनलाइन शाळेचे, विषयवार, सोसायटीत दूध आणि भाजी गेटवर आणायचा, लशीच्या स्लॉटचा. त्यातले ८ मेलेले, पण कुणी ना कुणी त्यावर रोज सुप्रभात टाकत होतं. इन्स्टाग्रामची रील्सही भारतात जुलै २०२० मध्येच आली, टिकटॉकवर बंदी आली त्यानंतर लगेच. घराघरांतलं फोनचं आजचं वळण बरंचसं त्या दीड वर्षात पडलंय, आणि तेव्हाची सोय नंतर कुणी मोडून ठेवली नाही. सहावीतल्या ऑनलाइन वर्गाचा ग्रुप दहावीतही वाजत होता.

ग्रुपांचे तीन ढीग केले. पहिला, वाजणारा: फक्त चार. घरचे चौघे, ऑफिसच्या साहेबांचा, मुलीचा क्लास, माहेरचे भाऊ-बहीण. दुसरा, दिवसातून तीनदा बघायचा: सोसायटी, शाळा, भिशी, गाडीतल्या मैत्रिणी, असे नऊ. हे 'नेहमीसाठी म्यूट'. तिसरा, उरलेले तीस: म्यूट आणि वर अर्काइव्ह. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'चॅट्स'खाली 'अर्काइव्ह केलेले तसेच ठेवा' हा पर्याय सुरू असेल तर नवा मेसेज आला तरी ग्रुप वर उसळत नाही. तुमचं नाव घेतलं किंवा तुम्हाला उत्तर दिलं तरच कळतं. ग्रुप सोडायची गरज नाही. सोडला की नणंदेचा फोन येतो, "काय गं, काही झालं का?" आणि वाचलेला वेळ त्या खुलाशात जातो. नातेवाइकांना इन्स्टाग्रामवर अनफॉलो करण्याचंही तेच. म्यूट करावं, समोरच्याला कळत नाही. बाईंनी पाच खाती म्यूट केली. ज्यांचं घर, ट्रिप, मुलांचे मार्क बघून ओळीच्या शेवटी 'एकटं' लिहिलं गेलं होतं, तीच.

दिवसातून तीनदा हे कुठून आलं? भारतातल्याच स्मार्टफोन वापरणाऱ्यांवर केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नोटिफिकेशन ठरावीक तीन वेळांना एकगठ्ठा मिळाली त्यांचं लक्ष आणि मन:स्थिती सुधारली. ज्यांची पूर्ण बंद केली त्यांना मात्र फायदा झाला नाही, उलट आपलं काहीतरी राहून जातंय ही धास्ती वाढली. आपल्याकडच्या घरांत हे पटण्यासारखं आहे. क्लासची टेस्ट, पाणी येणार नसल्याची सूचना, वारल्याचा निरोप, सगळं तिथेच येतं. तोडून टाकणं हा शहाणपणा नाही. बाईंच्या वेळा ठरल्या सकाळी नऊ गाडीत, दुपारी दीड डब्यानंतर, रात्री आठ.

रात्री आठला एक अडचण निघाली. क्लासवाले गृहपाठाची पीडीएफ साडेनऊला टाकत, आणि ती आईच्याच फोनवर. म्हणजे मुलगी तो फोन घेऊन बसणार. यावर उपाय निघाला तो कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला. दुसऱ्या दिवशीची पानं आदल्या संध्याकाळी पाठवायची विनंती क्लासला केली, तिघा-चौघा पालकांनी मिळून केली म्हणून ती मानली गेली, आणि बाई स्टेशनवरून येताना प्रिंट घेऊन येऊ लागल्या.

यूट्यूबला एक छोटं कलम पुरलं. खात्यात 'वॉच हिस्ट्री' बंद करून जुनी पुसली की होम पान कोरं होतं, शिफारशी येत नाहीत. शोधलं ते मात्र मिळतं. सासूबाईंचं कीर्तन, मुलीचं भूमितीचं प्रमेय, साबुदाण्याच्या वड्यांची कृती, सगळं शोधून लावायचं. सासूबाईंना हे चार दिवस आवडलं नाही, "रोज वर यायचं ते कुठे गेलं?" त्यांचे तीन कीर्तनकार प्लेलिस्टमध्ये घालून दिल्यावर तक्रार मिटली.

रात्र

मुख्य काम इथे. क्रम महत्त्वाचा होता: आधी वेळ द्यायचा, मग फोन हलवायचा. उलट केलं तर पहिल्या प्रयत्नासारखंच होतं.

दोन तासांच्या कामांतली पस्तीस-चाळीस मिनिटं घरातल्या इतरांकडे गेली. ओटा आणि मागचं आवरणं नवऱ्याकडे. विरजण, पाण्याच्या बाटल्या आणि आजीची गोळी मुलीकडे. पहिला आठवडा वाईट गेला. नवरा ओटा पुसायचा, पण पावणेअकराला, मॅचच्या ब्रेकमध्ये. आणि बाई तोवर स्वयंपाकघरातच घुटमळायच्या, कारण फडकं कुठलं वापरतोय हे बघायला हवं होतं. काम दिलं होतं, जबाबदारी दिली नव्हती. सासूबाईंनीच सुनावलं, "अगं, पुसतोय ना तो? तू निघ तिथून." तेव्हापासून बाई पावणेदहाला स्वयंपाकघराबाहेर, दिवा चालू असो की नसो. ओटा पहिले पंधरा दिवस चिकट राहिला. तो तसाच राहू देणं हा उपायाचा भाग आहे, आणि मोबाइलवरच्या सल्ल्यांत तो कुठे सापडत नाही.

पावणेदहा ते सव्वादहा हा अर्धा तास बाईंचा. त्यात काय करायचं हे ठरवून दिलेलं नव्हतं. वाचन करा, ध्यान करा असं सांगितलं की तो अर्धा तासही गृहपाठ होतो. काही दिवस त्या शेजारणीबरोबर बिल्डिंगखाली फेऱ्या मारायच्या, काही दिवस रील्सच बघायच्या. रील्सना मनाई नव्हती. फक्त ती जुन्या, सिमकार्ड नसलेल्या फोनवर, जो हॉलमध्ये टीव्हीशेजारी चार्जरला लावलेला असतो. इन्स्टाग्राम त्या फोनवर ठेवलं, रोजच्या फोनवरून काढलं, आणि क्रोममधून लॉगआउट करून पासवर्ड डायरीत लिहून ठेवला. जुन्या फोनवरच्या इन्स्टाग्राममध्ये सेटिंगमधल्या 'कंटेंट प्रेफरन्सेस'मधून सुचवलेल्या गोष्टी एकदा शून्यावर आणल्या. वायर हातभर लांबीची, त्यामुळे खुर्चीत ताठ बसावं लागतं. हॉलमध्ये बाकीचे ये-जा करतात. सव्वादहाला सासूबाईंना झोपायचं असतं, त्यांचा पलंग तिथेच, दिवा बंद. रीलला शेवटचं स्टेशन मिळालं ते असं.

रोजचा फोन साडेदहाला पॅसेजमध्ये. उशाशी अलार्म लागतो म्हणून फोन जवळ हवा, ही सबब जवळजवळ प्रत्येक घरात निघते; अडीचशे-तीनशे रुपयांचं टिकटिक न करणारं घड्याळ आणलं. मनगटावर जुनं घड्याळही पुन्हा चढलं, कारण साधनांच्या १६ ओळींतल्या बऱ्याच 'किती वाजले' पासून सुरू झाल्या होत्या.

खरी भीती वेगळी होती. रोह्याला बाईंचे वडील ८० चे. रात्री काही झालं तर? यासाठी 'डू नॉट डिस्टर्ब' नीट लावावं लागतं, नुसतं सायलेंट करून भागत नाही. तारांकित संपर्कांचे कॉल येऊ द्यायचे आणि त्यात भाऊ, वहिनी, वडिलांचे शेजारी ही तीन नावं. शिवाय 'पुन्हा कॉल करणारे' सुरू ठेवायचं: अँड्रॉइडवर त्याच क्रमांकावरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर तो वाजतो. रिंगचा आवाज पूर्ण, दार उघडं. मग भावाला रात्री साडेअकराला मुद्दाम फोन करायला लावून बघितलं. ही चाचणी केल्याशिवाय फोन पॅसेजमध्ये ठेवू नये, कारण भीती असेल तर तो तिसऱ्या रात्री उशाशी परत येतो.

रंग काढून पडदा काळा-पांढरा करायचाही प्रयोग झाला. चार दिवस गंमत वाटली, पाचव्या दिवशी डोळ्यांना सवय झाली. आमच्या मते हा उपाय त्याला मिळणाऱ्या प्रसिद्धीच्या मानाने किरकोळ.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांत टीव्ही-मोबाइल बंद राहतात. मुलीनं शाळेत ते ऐकलं आणि आपल्या घरीही सात ते साडेआठ करायचं ठरवलं. दोन दिवसांत मोडलं. गावात त्या वेळी सगळे घरात असतात, आणि भोंगा सगळ्यांना सारखा ऐकू येतो. इथे सातला आई गाडीत, बाबा महाप्यात, आजी एकटी टीव्हीसमोर. वेळ हलवून जेवणाची केली, नऊ ते साडेनऊ, चारही फोन फ्रिजवरच्या टोपलीत. ती मात्र टिकली. टोपलीत फोन टाकायला सगळ्यात जास्त खळखळ कुणी केली ते पुढे येईलच.

आठ आठवड्यांनंतर

सहाव्या आणि आठव्या आठवड्यात पुन्हा तीन-तीन दिवस रोजकीर्द लिहिली. दिवे मालवण्याची वेळ सरासरी १२:५० वरून ११:१५ वर. साडेदहानंतरच्या भरकटलेल्या ओळी आठवड्याला १९ होत्या, त्या तीन दिवसांत दोन निघाल्या, दोन्ही शनिवारच्या. घर-शाळेच्या दारातून घसरणं निम्म्याहून कमी.

एकूण स्क्रीन टाइम ५ तास १० मिनिटांवरून ४ तास ५ मिनिटांवर आला. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला फारसा फरक नाही, आणि आकड्यावरच नजर ठेवली असती तर बाईंनी पुन्हा स्वतःला नापास केलं असतं. गाडीतल्या रील्सना हात लावलेला नाही. घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा. वीसेक मिनिटं, उभ्यानं, एका हातात कडी. त्या प्रवासाला ठाण्याचा शेवट आहे, म्हणून तिथे मुद्दाम सोडून दिलं.

बिघडलं तेही लिहायला हवं. दुसऱ्या महिन्यात १८ ते २० तारखेला ३बी ची धावपळ होती, साहेबांचे मेसेज रात्री साडेअकरापर्यंत, फोन उशाशी परत आला आणि २३ तारखेपर्यंत तिथेच राहिला. काम २० ला संपलं होतं. पुढच्या महिन्यासाठी बाईंनी साहेबांना आधीच सांगितलं, "सर, रात्री दहानंतर अर्जंट असेल तर कॉल करा, मेसेज मी सकाळी बघेन." त्यांनी तीन रात्रींत एकदाच कॉल केला. गणपतीत सोसायटीचा ग्रुप आरतीच्या पाळ्यांमुळे दहा दिवस वाजणाऱ्या ढिगात आणावा लागला. विसर्जनानंतर तो परत म्यूट करायची आठवण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली होती, म्हणून झाली.

मुलीची झोप सुधारली का? थोडी. ती आता अकराला झोपते, पण आईनं सांगितल्यामुळे नव्हे. पॅसेजमध्ये चार्जिंगचा एकच बोर्ड आहे आणि त्यावर दोन फोन मावतात. आईचा साडेदहाला लागतो, दुसरी जागा बाबांच्या आधी पकडावी लागते.

टोपलीवरून सगळ्यात जास्त खळखळ केली ती बाबांनी, आणि त्यांच्या फोनची रोजकीर्द अजून कुणी लिहिलेली नाही. पाठकोऱ्या कागदाचे तुकडे त्यांनाही कापून दिले आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच की स्कोअर बघणं 'साधन' मध्ये धरावं. मुलगी म्हणते, 'हा' मध्ये.